कडब्याला हात लावायचा नाही

मे महिन्यात सोलापूरला कोण जातं, असं पुण्यात निम्म्या लोकांनी विचारलं. गवताच्या घरात राहायला चाललोय म्हटल्यावर उरलेल्यांनीही विचारलं.

हुतात्मा एक्स्प्रेसमधून रात्री उतरलो तेव्हा फलाटाची फरशी अजून तापलेलीच होती. सकाळी मित्राच्या गाडीवर मागं बसून मंगळवेढ्याचा रस्ता धरला. कामती, बेगमपूर गेलं, भीमा ओलांडली, माचणूरच्या सिद्धेश्वराला गाडीवरूनच हात जोडले. पुढं एका फाट्यावरून आत वळलं की त्याचं शेत. लांबून घर अगदी साधं दिसतं, पांढरट मातीचं. जवळ गेल्यावर खिडक्यांची खोली लक्षात येते. मी खिडकीत मांडी घालून बसलो, तरी जागा उरली.

भिंतीत विटा नाहीत, दाबून बांधलेले गठ्ठे आहेत. ही पद्धत अमेरिकेतल्या नेब्रास्काची. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर झाडं नव्हती, घराला लाकूड आणायचं कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गवताचे गठ्ठे बांधायची यंत्रं आली आणि लोकांनी तेच गठ्ठे विटांसारखे रचले. आर्थर नावाच्या गावात १९२८ साली असं चर्च बांधलं, ते अजून उभं आहे. मित्राला हे सगळं तोंडपाठ. पण नेब्रास्कात त्याची आत्या नव्हती.

आत्या गावातल्या जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात राहते. भाच्याचा बेत ऐकून तिनं विचारलं होतं, "कडबा भित्ताडात घातल्यावर जनावरं काय खातेत? भित्ताड?" मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. दुष्काळात धान्याइतकाच कडबा जपणारी ही माणसं. तिनं बजावलं, कडब्याला हात लावायचा नाही. मग गव्हाचं काड बघितलं. मळणीयंत्रातून निघतो तो बारीक भुसा, त्याचा गठ्ठा बसत नाही, आणि तोही जनावरांच्या पोटातच जातो. शेवटी उरलं उसाचं पाचट, म्हणजे वाळकी पानं, जी इथं सर्रास पेटवून देतात. गठ्ठे बांधायचं यंत्र, बेलर, असलेल्या एका ओळखीच्याकडून गठ्ठे बांधून घेतले.

पाचट हा भलताच आडमुठा माल. पात्याची धार हाताला कापते आणि गठ्ठा सोडला की फुगतो. नेब्रास्कासारखं छप्पर थेट गठ्ठ्यांवर टेकवायचा विचार म्हणूनच सोडला. लाकडी खांब-तुळया उभ्या करून मधले खण गठ्ठ्यांनी भरले. अर्धा गठ्ठा लागला की तो कापण्याआधी पोती शिवायच्या दाभणानं मधून दोरी ओवायची, दोन्ही बाजू आवळायच्या, मगच जुनी दोरी तोडायची. गेल्या उन्हाळ्यात मी आलो होतो तेव्हा हेच काम माझ्याकडं होतं. पहिल्याच दिवशी क्रम चुकला आणि अख्खा गठ्ठा अंगणभर पसरला. "राहू दे बे, तू चहा कर," असं म्हणून माझी बदली झाली.

खरं संकट आलं ते अवकाळीचं. गिलावा व्हायचा होता, ताडपत्री एका कोपऱ्यात फाटली होती. वरून दिसायला सगळं कोरडं, पण तीन दिवसांनी तिथं कुबट वास. गठ्ठ्यात ओल वीस टक्क्यांच्या पुढं गेली की आत बुरशी धरते. मित्रानं त्या कोपऱ्यातले नऊ गठ्ठे उपसून काढले. काहींच्या पोटात हात घातला तर गरम लागत होतं. दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोललं नाही.

म्हणून या घरात सगळी धडपड पाण्याविरुद्ध आहे. पाया काळ्या मातीतून खाली मुरमापर्यंत नेलाय, कारण काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते. जोतं दगडी, दोन फूट उंच. छपराची वळचण चांगली तीन फूट बाहेर. गिलाव्याला सिमेंट नाही, कारण भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकली पाहिजे. त्याऐवजी गावठाणातली पांढरी माती, भुसा आणि वरून चुना. इथं मात्र आत्याचा शब्द शेवटचा. चिखल चार दिवस भिजवून, तुडवून घेतला तिनं. माळवदं लिंपण्यात जन्म गेलेला. उंदरांचं काय, म्हणून मीही विचारलं. फट ठेवली नाही तर गठ्ठा इतका दाबलेला असतो की उंदराला शिरायलाच अवघड. आगीचंही तसंच, दाबलेल्या गठ्ठ्यात हवा कमी, आणि वर गिलाव्याचं कवच. सुटं पाचट मात्र काडी लावायचा अवकाश, त्यामुळं बांधकाम चालू असेपर्यंत विडीला बंदी होती.

आता राहण्याचं. सकाळी नऊच्या आत खिडक्या बंद, रात्री सगळ्या उघड्या. एवढं पाळलं तर भर दुपारी आत झोप लागते. एकदा मी दार उघडं टाकून फोनवर बोलत बसलो, तर संध्याकाळपर्यंत घर तापलेलं राहिलं आणि वहिनींनी दोनदा आठवण करून दिली. आत्याच्या माळवदाचा स्वभाव उलटा. जाड मातीची भिंत दुपारी गार, पण दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन रात्री सोडते, म्हणून सगळे वर गच्चीवर झोपतात. मला विचाराल तर गच्चीवरची झोपच जास्त आवडली. पण जुलैत गच्ची नसते.

बैठकीच्या भिंतीत एका ठिकाणी गिलावा न करता काच बसवलीय, आतलं पाचट दिसावं म्हणून. अशी घरं बांधणारे ही खिडकी हौसेनं ठेवतात. आत्या तिला देवळी समजते, काचेवर कुंकवाचं बोट आहे.

निघायच्या सकाळी शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पुडी घेऊन बाहेर आलो. उरलेला एक गठ्ठा गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. म्हशीनं तो हुंगला, नाकातून फुर्रकन वारा सोडला आणि शेजारच्या कडब्याकडं वळली. आत्या दारातून म्हणाली, "बघ."