गुत्त्यातली मंडळी

बेळगावातल्या शहापूर भागातल्या आमच्या घरी बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात सध्या एकतीस ॲक्शन फिगर, म्हणजे चित्रपटांतल्या पात्रांच्या हातपाय हलणाऱ्या लहान मूर्ती, आहेत आणि त्यांत एकही नायक किंवा खलनायक नाही. पाहुण्यांना याचे नवल वाटते आणि ‘मुख्य माणसेच कशी नाहीत?’ असा प्रश्न हमखास येतो.

त्याचे उत्तर दिवाळीच्या किल्ल्यात आहे. बेळगावात सहामाही परीक्षा संपली की गल्लोगल्ली तांबड्या मातीचे किल्ले उभे राहतात. सिंहासनावरच्या महाराजांची जागा ठरलेली असते; परंतु भाला टेकून उभा असलेला पहारेकरी, तुतारीवाला, डोक्यावर घागर घेतलेली बाई ही मंडळी आळिवाच्या हिरवळीत जागोजागी मांडली, म्हणजे तो किल्ला नांदता वाटू लागतो. बाजारातून मातीचे मावळे निवडताना मी नेहमी फेट्याचा रंग किंचित ओघळलेला, नाक जरा वाकडे असलेला एखादा मावळा आधी उचलत असे, कारण तसा दुसरा कोणाच्याच किल्ल्यावर नसे.

पुढे कॉलेजात असताना १९७७ सालचा ‘स्टार वॉर्स’ पाहिला, तेव्हा माझे लक्ष खिळले ते मॉस आयझली या अंतराळयानांच्या बंदरातल्या गुत्त्यावर. तिथे बसलेल्या चित्रविचित्र प्राण्यांपैकी बहुतेकांना एकही वाक्य नाही, काहींचे तर दर्शनही क्षणभरच होते. तरीही प्रत्येकजण आपापल्या कामासाठी तिथे आला आहे, अशी खात्री पटते. अमेरिकेतल्या केनर कंपनीने १९७८ मध्ये पावणेचार इंची फिगर बाजारात आणल्या, तेव्हा पहिल्या बारा फिगरनंतर या गुत्त्यातल्या ग्रीडो, हॅमरहेड, वॉलरस मॅन आणि स्नॅगलटूथ या चौघांनाही स्थान मिळाले. ग्रीडोचे नाव निदान संवादात येते. बाकीच्या तिघांना मुलांच्या तोंडी बसेल असे नाव मिळाले ते खेळण्याच्या पाकिटावर.

स्नॅगलटूथची हकीकत तर मी कोणालाही न कंटाळता सांगतो. केनरच्या कारागिरांना त्याचे अर्धेच शरीर दाखवणारे कृष्णधवल छायाचित्र मिळाले होते, त्यामुळे त्याची उंची आणि कपड्यांचा रंग त्यांना कल्पनेनेच ठरवावा लागला. त्यांनी त्याला इतरांएवढा उंच केला, निळा पोशाख दिला आणि पायांत रुपेरी बूट चढवले. प्रत्यक्षात ते पात्र बुटके आणि लाल कपड्यांतले होते. चूक सुधारून पुढे लाल स्नॅगलटूथ आला, आणि सीअर्स या दुकानांच्या साखळीने गुत्त्याच्या संचाबरोबर विकलेला निळा मात्र संग्राहकांच्या दृष्टीने अमोल ठरला. अपुऱ्या माहितीवर एवढ्या मन लावून घडवलेली ती मूर्ती मला दुरुस्त केलेल्या मूर्तीपेक्षा अधिक आवडते. ती विकत घेणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

माझा सर्वांत लाडका हॅमरहेड आहे. तपकिरी, दोन्ही बाजूंना पसरलेले डोके, त्याच्या टोकांना डोळे, आणि हलणारे भाग पाचच : मान, दोन हात, दोन पाय. तो मी पाकिटाशिवाय, वापरलेला असा घेतला. डाव्या हाताच्या कोपराजवळचा रंग उडाला आहे. कोणा मुलाने तो वर्षानुवर्षे तिथेच धरला असणार, असे मला वाटते, म्हणून तिथे रंगाचा हात फिरवण्याची इच्छा कधी झाली नाही. इथल्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा पाझरतात, तेव्हा जून ते सप्टेंबर कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आणि दर रविवारी प्रत्येक फिगर मऊ सुती फडक्याने पुसतो.

एकच सल आहे. विक्रेत्याने मूळचे म्हणून दिलेले हॅमरहेडचे पिस्तूल नंतर बनवलेली नक्कल निघाली. दुसऱ्या संग्राहकाकडच्या अस्सल पिस्तुलाशेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कडांचा बोथटपणा लगेच दिसला. विक्रेत्याने पुढे उत्तरच दिले नाही. पैशांपेक्षा मला त्या विश्वासाचे वाईट वाटले. ती नक्कल मी काढून वेगळ्या डबीत, तशी चिठ्ठी लावून ठेवली आहे, आणि अस्सल मिळेपर्यंत हॅमरहेड रिकाम्या हाताने उभा राहील.