आज दोघांचे रिपोर्ट शेजारी ठेवून वाचले

आज संध्याकाळी आम्ही दोघांनी आपापले क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्ज आणि हप्त्यांच्या नोंदींचे कागद, काढले आणि पहिल्यांदाच शेजारी ठेवून वाचले. ह्यांची नोकरी गेली, हप्ते थकले, तेव्हापासून तो कागद बघायची हिंमतच होत नव्हती.

लग्न झालं तरी क्रेडिट हिस्टरी दोघांची वेगवेगळीच राहते, हे माहीत होतं. पण कर्ज दोघांच्या नावावर घेतलेलं, त्यामुळे चुकलेला प्रत्येक हप्ता माझ्याही रिपोर्टवर आहे. माझा पगार तर वेळेवर येत होता! वाचून डोळ्यांत पाणी आलं. हे गप्प बसून होते. मग मीच म्हटलं, कर्ज आपलं होतं, डागही आपलाच.

एक चूक मात्र सापडली. जे कर्ज आम्ही पै न् पै फेडलंय, तिथे 'सेटल्ड' लिहिलंय. 'क्लोज्ड' हवं होतं. सेटल्ड म्हणजे बँकेला थकबाकीतली काही रक्कम सोडून द्यावी लागली, असंच पुढचा कर्ज देणारा समजतो. नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, जपून ठेवलं होतं, ते जोडून लगेच तक्रार नोंदवली. हातातलं काम टाकून नोंदवली.

रिपोर्ट पुन्हा सुधारावा म्हणून ह्यांच्यासाठी आता मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेणार. वापर मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत, बिल पूर्ण आणि तारखेच्या आधी. इकडेतिकडे कर्जाचे अर्ज करायचे नाहीत, कारण प्रत्येक अर्जाची नोंद राहते. माझं जुनं कार्ड चालूच ठेवायचं.

रात्री ह्यांनी दोन्ही रिपोर्ट एकाच फाइलमध्ये लावले आणि वर दोघांची नावं लिहिली.