चहात कुठला गहू?

इंदूरच्या पलासियातल्या ज्या कॉफी शॉपमध्ये मी शिफ्ट सांभाळते, तिथं दुपारी साडेतीन ते साडेचार म्हणजे माश्या मारायचा वेळ. सकाळचं पोह्यांचं गिऱ्हाईक कधीच पांगलेलं, कॉलेजची पोरं अजून यायची असतात. अशा वेळी एक काकू आल्या. साठीच्या आसपासच्या, सुती साडी, हातात दवाखान्याची फाइल. मागच्या गल्लीत काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन चाललं होतं. छातीवरच्या पट्टीवर त्यांनी माझं आडनाव वाचलं आणि हिंदी सोडून सरळ मराठीत आल्या. रामबागेतल्या निघाल्या.

"चहा हवाय गं. पण मला गहू चालत नाही. कणभरसुद्धा नाही."

मी हसले. "काकू, चहात कुठला गहू?"

हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं होतं. महिन्याभरापूर्वी एका मुलानं मसाला चहाकडे बोट दाखवून "ग्लुटेन-फ्री है क्या?" विचारलं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन यात नाही ना, तेव्हा मी "बिल्कुल" म्हणून बिलही काढलं होतं. तो परत कधी दिसला नाही. इंदुरात कॉफी शॉप काही कमी नाहीत, दुसरीकडे जात असेल, असं मी आजवर धरून चालले होते.

काकू हसल्या नाहीत. "तुमचा मसाला चहा कशाचा असतो?"

"पावडर येते तयार. गरम दूध घातलं की झाला."

"तिचं पाकीट दाखव."

पाकीट नव्हतं. आलं की फोडायचं, स्टीलच्या डब्यात ओतायचं आणि पाकीट कचऱ्यात, ही आमची रीत. दोन वर्षं रोज त्या डब्यात चमचा घालत होते आणि आत काय काय आहे ते मला सांगता येईना. शेवटी म्हणाले, "माहीत नाही." आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात की गिऱ्हाइकासमोर हे दोन शब्द काढायचे नाहीत. कान गरम झाले माझे.

"हां," काकू म्हणाल्या, "आता जमेल आपलं."

मग मी टी-बॅगची खोकी काउंटरवर मांडली. चष्मा चढवून त्यांनी एकेक उलटं केलं. भाजलेल्या तांदळाची ग्रीन टी मी आपणहून बाजूला सारत होते, तर म्हणाल्या, "तांदूळ चालतो, त्याला कशाला हाकलतेस?" आणि जी मी बिनदिक्कत पुढे केली होती, चॉकलेटच्या वासाची, तिच्या मागं बारीक अक्षरांत छापलेलं होतं: बार्ली माल्ट. म्हणजे जव. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य), तिघांतही ग्लुटेन असतं, हे मला तेव्हा कळलं. ती टी मी स्वतः लोकांना सुचवत असे, हलकी आहे म्हणून.

शेवटी साधी काळी चहा ठरली, एकेक पुडी वेगळ्या कागदात बंद असलेली. आता दूध. मी जग घेऊन वाफेनं दूध तापवायच्या मशीनकडे वळले तशी मागून हाक आली.

"त्या नळीनं आणखी काय काय तापवता?"

सगळंच. गाईचं दूध, सोयाचं, अलीकडे ओट्सचं. प्रत्येक वेळी नळी ओल्या फडक्यानं पुसतो आणि वाफ सोडतो. ओट्सची गंमत अशी की मूळ ओट्स बऱ्याच जणांना चालतात, पण शेतात, गिरणीत ते गव्हाच्या संगतीत वाढतात, दळले जातात. आणि फडकं एकच. त्याच फडक्यानं क्रॉसाँचा, म्हणजे मैद्याच्या पावाचा, चुरा झटकतो.

"पण काकू, एवढ्या वाफेत काय राहणार?"

"वाफेनं मरायला तो काय जंतू आहे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ग्लुटेन सॅनिटायझरनंही जात नाही, उकळून जात नाही. साबण लावून धुवून काढायचं, एवढंच. मग मी आतून एक पातेलं काढलं. ते घासायला घेतलं तर काकूंनी घासणीकडे बोट दाखवलं. खरंच, घासणीच्या जाळीत टोस्टचे कण अडकलेले होते. नवी घासणी फोडली. दुधाची नवी पिशवी कापली. गाळणी लागणारच नव्हती, ते बरं झालं. तिचं काय निघालं असतं कोण जाणे. शिफ्टमधला नवा मुलगा तोंड उघडं टाकून बघत होता. त्याला वाटलं असणार, या बाई फूड इन्स्पेक्टर आहेत.

चहा झाला. गरम पाण्यात पुडी, वर पातेल्यातलं दूध, धुतलेला चमचा. मी गल्ल्यावर वळले आणि तेवढ्यात त्या मुलानं कप उचलून बशीत ठेवला, आणि रोजच्या सवयीनं बशीत, कपाला टेकवून, फुकटचं बिस्किट.

मी झटकन बिस्किट उचललं. "काढलं, काढलं!"

काकूंनी कपाच्या बुडाकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "हा आता तू पी," म्हणाल्या.

दुसरा कप केला तेव्हा चार जणांची रांग लागली होती. कागदी ग्लासात, बशीशिवाय, माझ्या हातून त्यांच्या हातात. पहिला मी आत उभ्यानं प्यायले, बिस्किट बुडवून. पैसे मी एकाच चहाचे लावले, एकशे वीस रुपये. त्यातही मला लाज वाटली, पण काकू म्हणाल्या की या गावात एवढा बिनघोर चहा त्यांना घराबाहेर वर्षभरात मिळालेला नाही.

रांग ओसरल्यावर मी टेबल पुसायच्या निमित्तानं त्यांच्याजवळ गेले. आजाराचं नाव सीलिएक. छप्पन्नाव्या वर्षी सापडला. आधी नुसतं रक्त कमी. लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळल्या तरी हिमोग्लोबिन हलेना. कारण लोह जिथं शोषलं जातं ती लहान आतड्याची सुरुवातच खराब झालेली. शरीर ग्लुटेनवर चवताळतं आणि आपल्याच आतड्याला चावतं, असं त्यांनी समजावलं. रक्ताची तपासणी, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा काढून तपासणी. औषध नाही, पथ्य जन्माचं. "माझं पथ्य सोपं आहे गं, घरातल्यांचं अवघड. दर सणाला कुणीतरी म्हणतंच, एक पुरणपोळीनं काय होतंय."

पण त्यांचं खरं दुःख पोळीचं नव्हतं. पोह्यांचं होतं. पोहे तांदळाचे, शेव बेसनाची, मग अडचण काय, मी विचारलं. "वरचं जीरावन. त्यात हिंग, आणि बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं." जीरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा मसाला, त्याच्याशिवाय पोहे म्हणजे इंदूरकराला शिक्षाच. आता त्या तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणतात आणि जीरावन घरी कुटतात. माझ्या आजीचं जीरावनही घरचं असायचं, पण त्यात हिंग कुठला होता हे विचारायला आता आजी नाही.

रात्री सुदामा नगरला घरी येऊन मी वाचत बसले. ग्लुटेन-फ्री लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये, आपल्याकडेही हीच मर्यादा. सीलिएकवाल्याला दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमपर्यंत निभतं असं मानतात, आणि ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोनेक ग्रॅम तरी असतं. म्हणजे स्लाइसचा दोनशेवा भाग. कपाला टेकलेलं ते बिस्किट डोळ्यांसमोर आलं. विलेम डिके नावाच्या डच डॉक्टरबद्दलही वाचलं: 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार होती, ब्रेड मिळेना, तेव्हा या आजाराची मुलं उलट सुधारली आणि ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. गव्हावरचा त्याचा संशय तिथं पक्का झाला. लाखो लोक उपाशी आणि वॉर्डातली ती मुलं बरी होत चाललेली, हे वाचून कसंसंच झालं.

त्या मुलाचाही विचार आला, "बिल्कुल"वाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावडरचं नवं पाकीट आलं. मी मागची बाजू कापून चिकटपट्टीनं डब्यावर लावली. मालकांनी बघून विचारलं, हे काय किराणा दुकान आहे का. लावलेलं काढलं मात्र नाही.

तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. संध्याकाळी नव्या मुलाचा फोन आला, आवाज पडलेला. काकू काकांना तपासणीसाठी घेऊन आल्या होत्या आणि दुकानात डोकावल्या. त्यानं डब्यावरचं दाखवलं, कागदी ग्लास काढला, सगळं केलं. मग त्यांनी विचारलं, पातेलं तेच का, आणि काल त्यात काय उकळलं?

"दीदी, मैंने बोल दिया, पता नहीं."

काकूंनी पाण्याची बाटली घेतली आणि त्याच्या पाठीवर थाप मारून गेल्या. थाप का मारली ते त्याला कळत नव्हतं. वीस रुपयांचंच बिल झालं, म्हणून तो माझी माफी मागत होता.