पाटीपेन्सिलीच्या आधी
सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर तीन ते आठ या वयोगटालाच पायाभूत टप्पा मानले आहे. तरीही बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येणारे पाहुणे माझ्या चार वर्षांच्या नातीला प्रथम विचारतात ते हेच, की शंभरपर्यंत आकडे येतात का.

आकडे पाठ असणे आणि मोजता येणे यांत पुष्कळ अंतर आहे. ती वीसपर्यंत घडाघडा म्हणे, परंतु सहा वाट्या मोजायला सांगितल्या की एकाच वाटीला दोनदा बोट लावून पुढे जाई. म्हणून पाने घेण्याचे काम आम्ही तिच्याकडे सोपवले: प्रत्येक माणसामागे एक ताट, प्रत्येक ताटात एक वाटी, आणि वाटी कमी पडली तर कोणाच्या ताटात ती नाही, हे तिनेच शोधायचे.

लेखनाची घाई मला मुळीच पटत नाही. मटार सोलताना, कणकेच्या गोळ्या वळताना बोटांत जे बळ येते, त्यानेच पुढे पेन्सिल नीट धरता येते. घरात मराठी आणि गल्लीत गुजराती ऐकून मूल गोंधळेल, ही भीतीही निराधार आहे. (सुनेच्या मैत्रिणींना हे पटवणे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे.) रात्री गोष्ट सांगताना मी मध्येच थांबून पुढे काय होईल ते तिला विचारते, आणि तिने कोल्ह्याला रिक्षात बसवले, तरी गोष्ट तिथूनच पुढे नेते.