ओंडक्यावरची साय

"अगं, तुझ्या लाकडाला साय धरलीय," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा मोडायला बसली.

आमचा फिश टँक दोन फुटी, साठेक लिटरचा. त्यात मी हौसेने एक वाकडातिकडा ओंडका आणून ठेवला होता. चार दिवस बादलीत भिजवला, रोज चहासारखं पाणी ओतून दिलं, मगच तो गप्पींच्या ताब्यात दिला. आठवडा झाला नाही तोच त्याच्या टोकांवर पांढरट, गिळगिळीत काहीतरी लोंबायला लागलं. हात लावून पाहिला, तर कापलेल्या भेंडीला लागतो तसा बुळबुळीत स्पर्श. मी घाबरून ओंडका बाहेर काढला, टूथब्रशने घासला, वर पोह्यांच्या कढईत उकळला. त्या कढईचा विषय आमच्याकडे अजून मिटलेला नाही. आणि चारच दिवसांत साय पुन्हा हजर!

मग वाचायला बसले. नव्या लाकडात उरलेली साखर पाण्यात झिरपते. तिच्यावर जिवाणू आणि बुरशी पोसतात आणि चिकट स्राव सोडून त्यातच घर करतात. याला बायोफिल्म म्हणतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जे लागतं, ते याच कुळातलं. माशांना त्याचा त्रास नाही. लाकडातलं खाणं संपलं की काही आठवड्यांत ते आपोआप जातं. हे सगळं मी आईला मोठ्या तयारीने समजावलं. ती म्हणाली, "मग घासत कशाला बसलीस? इडलीचं पीठ फसफसलं तर मी घासते का?"

तेव्हापासून माझ्या लक्षात आलंय की, टँकमधलं बुळबुळीत काही ओळखायचं तर आधी स्वयंपाकघरात विचारावं. भेंडी, भिजवलेली अळशी, मोड आलेले वाल या सगळ्यांशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना चिकटपणातले फरक बोटांना कळतात. आपण फक्त "ईऽऽ" म्हणतो.

काचेवरचा पारदर्शक गोळा बाबांनी ओळखला. म्हणजे ओळखला असं नाही, पण "फालुद्यातला सब्जा इथे कुठून आला?" असं विचारलं, आणि तो अगदी तसाच होता. जेलीत बारीक ठिपके. नव्या पाणवनस्पतींबरोबर फुकटात आलेल्या गोगलगायींची ती अंडी. या जातीत नर-मादी एकाच देहात असतात, त्यामुळे एकटी आली तरी तिचं काही अडत नाही. भिंगातून पाहिलं, तर ठिपके हळूहळू फिरत होते. 'गोगलगाय अन् पोटात पाय' हे आपण माणसांना उद्देशून म्हणतो. पण प्राणिशास्त्रात या वर्गाचं नाव गॅस्ट्रोपोडा, ग्रीकमधून 'पोट' आणि 'पाय' जोडून केलेलं. आपल्या म्हणीने ते काम परस्पर उरकलं होतं.

निळ्या-हिरव्या प्रकरणाला मात्र आईचं नाक लागलं. ऐन मार्चमध्ये मी टँकचं झाकण उघडून पाणी बदलत होते, तर ती आतून म्हणाली, "कुठे पाऊस पडला का गं? मातीचा वास येतोय." मला आधी हसू आलं. मग वाळूकडे पाहिलं. वाळूवर गडद हिरव्या-निळ्या रंगाची गुळगुळीत चादर पसरली होती. तिच्यावर जागोजागी बारीक बुडबुडे. चिमटीत धरली, तर टम्म फुगलेल्या फुलक्याचा पापुद्रा सुटावा तशी अलगद सुटून आली.

हे दिसतं शेवाळासारखं, पण असतात जिवाणू. सायनोबॅक्टेरिया. आईला आलेला वास जिओस्मिनचा. पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा आणि बिटाला मातकट चव देणारा पदार्थही तोच. ते बुडबुडे प्राणवायूचे. जवळजवळ अडीचशे कोटी वर्षांपूर्वी याच मंडळींच्या पूर्वजांनी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला सुरुवात केली. अशा घराण्याला रबरी नळीने ओढून गटारात सोडताना जरा ओशाळायला झालं. त्यात फोनवर कर्जतचे मामा म्हणतात, "फेकतेस काय? निळं-हिरवं शेवाळ ना ते? आम्ही भातखाचरात मुद्दाम टाकायचो." बरोबरच आहे. त्यातल्या काही जाती हवेतला नत्र धरून ठेवतात, म्हणून भाताला त्यांचं खत देतात. पण माझ्याकडे भात नव्हता, गप्पी होते. खाणं कमी केलं आणि टँकवर तीन दिवस जुनी चादर टाकून अंधार केला. आमची बैठकीची खोली तेवढे दिवस सुतकात असल्यासारखी दिसत होती.

एवढं झाल्यावर मला या विषयाची चटकच लागली. वाचता वाचता हेन्री कार्टर भेटला. हा इंग्रज डॉक्टर १८४० च्या दशकात मुंबईतल्या तळ्यांमधले गोड्या पाण्यातले स्पंज, म्हणजे एका जागी चिकटून राहणारे सच्छिद्र प्राणी, तपासत बसायचा. तळं आटलं की स्पंज मरतो, पण त्याचे टणक कण कोरड्यात तग धरतात आणि पाणी आल्यावर पुन्हा वाढतात. एका जातीला पुढे कार्टरचंच नाव मिळालं. काही स्पंजांच्या अंगात शेवाळ राहतं, त्यामुळे ते हिरवे दिसतात.

आणि गेल्या शनिवारी, फिल्टरच्या मागे, मला एक फिकट हिरवा, मऊ, बुळबुळीत गोळा दिसला. कडा विरलेल्या, मधे बारीक छिद्रं. माझे हात थरथरले. टॉर्च आणला, भिंग आणलं, सात फोटो काढले. टोकदार चिमट्याने त्याचा कण काढून बशीत घेतला आणि घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

बाबांनी चष्मा वर करून बशीत पाहिलं.

"काकडी आहे ती," ते म्हणाले. "परवा गोगलगायींना घातली होती. तरंगत होती सारखी, म्हणून मागे खोचून ठेवली."