अपघाताच्या जागेवर तपास पथकाबरोबर

गंभीर अपघातांची कारणे शोधणाऱ्या पथकाबरोबर महामार्गावरील एका वळणावर जाण्याची संधी मिळाली. पंचनामा झाला होता, गाडी हलवली होती. तरीही पथकाला रस्ता पाहायचा होता, कारण चूक कोणाची हे कळल्यावरही ती चूक जिवावर का बेतली हा प्रश्न उरतोच.

वळणाच्या बरेच अलीकडून, चालकाला काय दिसले असेल ते पाहत, आम्ही कडेने चालत गेलो. टायर घसरल्याच्या खुणेवरून वेग काढताना रस्ता कोरडा होता की ओला, हे आधी पक्के करावे. कोरड्या रस्त्यासाठी घर्षणगुणांक, म्हणजे टायरची रस्त्यावरची पकड दाखवणारा आकडा, 0.7 धरल्यास 30 मीटरची घसरण ताशी सुमारे 73 किलोमीटर वेग सांगते, तर ओल्या रस्त्यासाठी 0.4 धरल्यास तीच खूण 55 वर येते. खुणेच्या शेवटी गाडी थांबली नसून आदळली असेल, तर हा आकडा किमान समजावा. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाड्यांच्या खुणा पुसट असतात, त्यामुळे पाऊस पडण्याआधी जागेवर पोहोचलेले बरे.

या ठिकाणी क्रॅश बॅरियर, म्हणजे गाडी रस्त्याबाहेर जाऊ नये म्हणून कडेला लावलेला अडथळा, मोरीच्या सिमेंटच्या कठड्याला जोडलेलाच नव्हता आणि गाडी नेमकी त्या फटीत शिरून कठड्याच्या टोकावर आदळली होती. चालकाचा ताबा सुटला हे खरे, पण बॅरियर सलग असता तर गाडी बहुधा घासत पुढे गेली असती. माझ्या मते तपासाचे खरे फलित हेच, आणि वेगाला दोष देऊन फाइल बंद केली की नेमके तेच हातचे जाते.

गाडी पाहताना सीटबेल्टचा पट्टा पूर्ण उलगडून बघावा. या पट्ट्यावर, खांद्याजवळच्या कडीतून तो जिथे ओढला गेला, तिथे धागे वितळून चकाकी आली होती. धडकेच्या वेळी बेल्ट लावलेला होता, याचा तो भक्कम पुरावा. धडकेआधीच्या साधारण 5 सेकंदांची नोंद ठेवणारे उपकरण गाडीत असू शकते, म्हणून बॅटरी जोडण्याचा किंवा गाडी चालू करण्याचा प्रयत्न स्वतः करू नये.

जाणाऱ्यांनी परवानगी घ्यावी, परावर्तक जाकीट घालावे आणि एका व्यक्तीला केवळ येणाऱ्या वाहनांवर लक्ष ठेवण्यासाठी उभे करावे. मोजमापात गुंतलेला माणूस हमखास रहदारीकडे पाठ करतो. अपघात रात्रीचा असेल, तर त्याच वेळी पुन्हा एकदा जावे, कारण दिवसा ठसठशीत दिसणारे वळणाचे फलक हेडलाइटच्या उजेडात चमकतातच असे नाही.