शिवराजेश्वर: आरमाराच्या तळावरचं देऊळ

मालवणच्या जेटीवरून होडी सुटली की सिंधुदुर्गाचा दरवाजा फार लांब नाही. होडीवाला गडावर साधारण तासाभराची मुदत देतो. त्यातली निम्मी दरवाजात फोटो काढण्यात आणि कोकम सरबतात जाते. शिवराजेश्वराच्या, म्हणजे गडावरच्या शिवाजी महाराजांच्या देवळाच्या वाट्याला उरतात पाच मिनिटं: हात जोडायचे, चांदीचा मुखवटा बघायचा, बाहेर यायचं. बघण्यासारखं आहे ते मुखवट्यामागे.

मुखवटा नसतो तेव्हा वीरासनात बसलेली पाषाणाची मूर्ती दिसते. दाढी नाही, जिरेटोपही नाही. डोक्यावर नावाड्याची म्हणावी तशी टोपी. कॅलेंडरमुळे ओळखीचे झालेले महाराज हे नव्हेत, म्हणून काहीजण चक्क हिरमुसतात. पण हे देऊळ कुठे उभं आहे ते आधी बघा. चहूबाजूंनी पाणी आणि ज्या कामासाठी किल्ला बांधला ते काम आरमाराचं. इथल्या धन्याला दर्यावर्दी म्हणून घडवावं असं मूर्तिकाराला वाटलं असेल, तर त्यात नवल काय?

त्या टोपीला आधारही आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून कुरटे बेटावर, म्हणजे आज किल्ला उभा आहे त्या बेटावर, बांधकामाला हात घातला गेला. तो धोंडा आजही आहे, त्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याचं काम नुकतंच सुरू झालेलं असताना, फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज मालवणाहून स्वतः गलबतावर चढले आणि कर्नाटकातल्या बसरूरवर चालून गेले. कारवारच्या इंग्रजांनी त्या ताफ्यात ८५ लहान आणि ३ मोठी जहाजं नोंदवली आहेत. किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला.

देवळाचं साल १६९५ सांगतात आणि बांधणारे म्हणून राजाराम महाराजांचं नाव घेतात. इथे जरा थांबायला हवं. १६९५ साली राजाराम महाराज कोकणात नव्हते. १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, आणि राजाराम महाराज दूर दक्षिणेत जिंजीला गेले. १६९० पासून मोगलांचा जिंजीला वेढा होता, तो १६९८ पर्यंत चालला. म्हणजे देवळाचा हुकूम वेढ्यातल्या किल्ल्यातून निघाला असणार, किंवा इकडचा कारभार पाहणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखालून काम झालं असणार. राजधानी हातातून गेलेली, तिजोरीत खडखडाट, आणि त्यात एका पाणकिल्ल्यावर गेलेल्या राजाचं देऊळ! निव्वळ पितृभक्ती म्हणून हे सोडून देता येत नाही. गडावरच्या शिबंदीला, म्हणजे पहाऱ्याच्या फौजेला, धनी कोण, हे रोज डोळ्यांसमोर राहावं, असा हिशेब त्यात दिसतो. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे १२ किल्ले गेले त्यांत सिंधुदुर्गही आहे आणि जिंजीही.

पुढचा इतिहास थोडक्यात. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव ठेवलं आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरकर छत्रपतींना परत दिला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. तरी देवळाची नाळ कोल्हापूरशी तुटली नाही. समोरचा सभामंडप राजर्षी शाहू महाराजांच्या काळातला.

आता चुन्याविषयी, कारण किनाऱ्यावरच्या कुठल्याही जुन्या देवळाचं आयुष्य त्यावर ठरतं. खाऱ्या वाऱ्याने भिंतीत मीठ मुरतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते ओलावा ओढून विरघळतं आणि खाली आली की पुन्हा स्फटिक धरतं. पावसाळा सरल्यावर पहाटेची दमट हवा आणि दुपारचं ऊन यांत हा खेळ एकाच दिवसात होऊ शकतो. स्फटिक धरताना मीठ दगडाच्या छिद्रांना आतून रेटतं. जांभा तर सच्छिद्रच, त्याची भुकटी व्हायला वेळ लागत नाही. चुन्याचा गिलावा मऊ असतो, ओल बाहेर सोडतो आणि दगडाऐवजी स्वतः झिजतो. झिजला की नवा करायचा, त्याचं कामच ते.

सिमेंट मारलं की हे सगळं उलटतं. ओल मागेच अडकते, मीठ सिमेंट आणि जांभा यांच्या मध्ये साठतं, आणि चार-सहा पावसाळ्यांनी सिमेंटचा पोपडा दगडाचं तोंड घेऊन खाली येतो. वरून ऑइल पेंट असेल तर विचारायलाच नको. बोटाच्या पेराने ठोकून बघा: ‘बद्द’ आवाज आला की आत पोकळ झालंय.

नीट करायचं तर कळीचा चुना पाण्यात विरवून, चाळून, निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली ठेवायचा. घाईत वापरला तर न विरलेले कण भिंतीत फुगतात आणि गिलाव्याला फोड येतात. रेती नदीची आणि धुतलेली हवी. समुद्राची वाळू घातली की मीठ आपणच आत कोंबलं. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग रेती, चुना मळायच्या घाण्यात किंवा हाताने चांगली मळलेली. गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर घालण्याची जुनी रीत आहे, पण नीट न मळलेला चुना गुळाने सुधारत नाही. एक थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. वर ओलं गोणपाट धरून आठवडाभर तरी सुकू द्यायचा नाही. चुना नुसता वाळून घट्ट होत नसतो, हवा शोषून घट्ट होतो, आणि त्याला ओलसरपणा लागतो. पाऊस गेल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात काम धरावं. एप्रिलच्या उन्हात केलेला गिलावा तडकतोच.

गडावर गेलात तर दरवाजातले फोटो परतीसाठी ठेवा, तिथे होडीची वाट बघत थांबावंच लागतं. आधी सरळ शिवराजेश्वराकडे चला. दर्शन झालं की देवळाला बाहेरून एक फेरी घाला आणि भिंतींचा पायथा बघा, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत. मिठाची पांढरी भुकटी पहिल्यांदा तिथेच धरते.